साथीचे परवाने : प्लेगच्या पासापासून व्हिसाच्या मुदतीपर्यंत

१ मे २०२० रोजी गुजरात आणि महाराष्ट्र ह्या दोन्ही राज्यांना साठ वर्षे पूर्ण झाली. समारंभ असा झालाच नाही. त्याच दिवशी देशातील पहिली श्रमिक गाडी तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडच्या हटियाकडे निघाली, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्यासाठी तपासणी, यादी व पास लागतो ही गोष्ट देशाच्या अंगवळणी पडू लागली. ताप्तीकाठच्या लोहमार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करणाऱ्या आमच्यासारख्यांना ह्या पासाचे नवल अधिक वाटले. नवापूरच्या फलाटावरून दोन राज्यांची सीमारेषा जाते, तिकीट एका राज्यात काढून गाडी दुसऱ्या राज्यात पकडता येते, ह्याचे आम्हाला आजवर कौतुकच होते. त्या वसंतात ती रेषा प्रथमच खरी झाली.

पासाचा अर्ज भरताना आमच्यांतील अनेकांचे हात एका रकान्यापाशी थबकले. ‘मूळ गाव’. चलथाणात तिसरी-चौथी पिढी नांदत असताना तेथे काय लिहावे? कुलदैवत खानदेशात, शिधापत्रिका सुरत जिल्ह्यात, मुलगा दुबईत किंवा न्यू जर्सीत. ह्या लेखात आम्ही त्या रकान्याचा थोडा इतिहास पाहणार आहोत. आमचे म्हणणे एवढेच की साथीच्या काळात सरकार माणसाला दोन निरनिराळे प्रश्न विचारू शकते. ‘तुम्ही कुठून आलात?’ हा एक, ‘तुम्ही कुठले?’ हा दुसरा. पहिला प्रश्न रोगाविषयीचा आहे, दुसरा माणसाविषयीचा. गेल्या सव्वाशे वर्षांत सरकारे पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे सरकत गेली, आणि परदेशात वास्तव्य करणाऱ्या माणसाचे २०२० मधील हाल हे बरेचसे त्या सरकण्याचे फलित आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत मुंबई निम्मी रिकामी झाली. आठ-साडेआठ लाख वस्तीच्या शहरातून पावणेचार लाखांच्या आसपास माणसे निघून गेली असे त्या वेळचे अंदाज सांगतात. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. त्याने रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा व त्यांना अलग ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. मुंबईतून बाहेर पडणाऱ्या गाड्या कल्याणला थांबवून उतारू तपासले जाऊ लागले. पुण्यात रँडसाहेबाच्या अंमलाखाली काय घडले, हे मराठी वाचकास नव्याने सांगण्याचे कारण नाही. सावित्रीबाई फुले ह्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या, एवढे स्मरण मात्र करावेसे वाटते.

आमच्या विषयाच्या दृष्टीने खरी गंमत मद्रास इलाख्यात आहे. तेथे प्लेगच्या मुलखातून येणाऱ्या प्रवाशाला एक कागद देण्यात येई व त्याला ‘पासपोर्ट’ असेच म्हणत. तो घेऊन प्रवाशाने आपल्या गावी जावे आणि दहा दिवस नेमून दिलेल्या अधिकाऱ्यापुढे हजेरी लावून प्रकृती दाखवावी, असा नियम होता. माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या संस्थानचा रयत, ह्याच्याशी त्या कागदाला कर्तव्य नव्हते. दहा दिवसांपूर्वी तो कोठे होता, एवढेच त्याला हवे होते. आमच्या मुंबई इलाख्यात हाफकिन ह्यांच्या लसीचे दाखले निघाले व ज्याच्यापाशी दाखला असेल त्याला अडवणुकीतून काही सवलती मिळू लागल्या. हाही प्रश्न शरीराचाच.

अर्थात कागदावर समदृष्टी असली तरी फलाटावर ती नव्हती. तिसऱ्या वर्गाचे उतारू खाली उतरवून रांगेत उभे केले जात. वरच्या वर्गाच्या उतारूंना डब्यात बसल्या बसल्या सवलतीने तपासत. प्लेगला तिकिटाचा वर्ग कळत नाही, तपासनिसाला कळतो. तरीसुद्धा नियमाचा गाभा ‘कुठून आलात’ हाच होता, हे नोंदवून ठेवले पाहिजे. त्याच वर्षी मुंबईतून हाजला जाणारी वाहतूक थांबवण्यात आली, कारण व्हेनिस येथे फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत मुंबईच्या प्लेगची धास्ती युरोपने घेतली होती. ज्या सुरतेला एके काळी मक्केचा दरवाजा म्हणत, तिच्या मुलखातील यात्रेकरूंचीही वाट त्यामुळे अडली. ती बंदीसुद्धा बंदराला होती.

आमच्या भागापुरते बोलायचे तर सुरतेत प्लेग १८९७ मध्ये पोहोचला. पलसाणा महाल तेव्हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात, तर शेजारचा बारडोली आणि चोऱ्यासी इंग्रजी अंमलाखाली. दोन-चार कोसांत राज्य बदलत असे. सुरतेहून अमळनेरकडे जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे नेमकी ह्याच वर्षांत, शतक संपता संपता, सुरू झाली. म्हणजे ज्या रुळांनी पुढे खानदेशातील कुटुंबे इकडे आणली, ते रूळ पडत असतानाच रुळांवर माणसे अडवण्याची विद्याही शिकली जात होती.

मग ‘तुम्ही कुठले’ हा प्रश्न आला कोठून? साथीतून नव्हे. १९१४ पूर्वी जगातील बऱ्याच देशांत पासपोर्टावाचून जाता-येता येत असे. महायुद्धाने हेर आणि शत्रूराष्ट्रांचे नागरिक ह्यांची भीती निर्माण केली. युद्ध संपले, भीतीचे कागद राहिले. आपल्याकडे १९२० चा पासपोर्ट कायदा, १९३९ चा परकीयांच्या नोंदणीचा कायदा आणि १९४६ चा परकीयांविषयीचा कायदा ही ह्या घराण्यातील अपत्ये. लक्षात घेण्यासारखे असे की १९१८ चा इन्फ्लुएंझा लष्करी जहाजांतून मुंबईस आला, हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक बळी घेतले, आणि तरीही त्या साथीने परकीयांविषयीचा एकही नवा नियम जन्माला घातल्याचे दिसत नाही. साथीचा कायदा आणि परकीयांचा कायदा हे दोन वेगळे प्रवाह होते. ते एकमेकांत मिसळले ते शंभर वर्षांनी.

मधल्या काळातील एक प्रसंग आमच्या दाराशीच घडला. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले; सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता फुटली. तीन-चार दिवसांत काही लाख माणसांनी सुरत सोडली. लिंबायत-उधन्यापासून कडोदऱ्यापर्यंतच्या वस्त्यांतील खानदेशी कुटुंबे मिळेल त्या गाडीने पूर्वेकडे निघाली. सुरतेत मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. बोभाटा मात्र जगभर झाला. आखाती देशांनी भारताशी विमानवाहतूक थांबवली, मालही अडवला. प्रवासावर अशी बंदी घालण्याचे कारण नाही असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे होते, पण ऐकले कोणी नाही. तेव्हा आखातात नोकरीस असलेल्या माणसाची अडचण विमान नसल्याची होती. विमाने सुरू होताच तो परतला. त्याच्या कागदाला कोणी हात लावला नव्हता. १९९४ आणि २०२० ह्यांतील अंतर आम्हाला येथे दिसते.

११ मार्च २०२० रोजी भारत सरकारने राजनैतिक, सरकारी, आंतरराष्ट्रीय संस्थांचे, नोकरीचे आणि प्रकल्पांचे व्हिसा वगळता बाकीचे सर्व व्हिसा १५ एप्रिलपर्यंत स्थगित केले. १३ मार्चपासून हा हुकूम लागू झाला. जे परकीय त्या वेळी भारतात होते त्यांचे व्हिसा वैध राहतील, मुदतवाढीसाठी त्यांनी परकीय नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करावा, असेही त्यात होते. २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद झाली व २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. आता विचार करा. गोव्यात आलेला पर्यटक, पुण्यात शिकणारा परदेशी विद्यार्थी, मुंबईत उपचारासाठी आलेला आफ्रिकेतील रुग्ण, ह्यांना कायदा सांगतो की मुदत संपताच देश सोडा. आणि दुसरा कायदा सांगतो की घराबाहेर पडू नका. जाण्यास विमान नाही आणि राहण्यास मुदत नाही.

ह्यावर सरकारने जो मार्ग काढला तो टप्प्याटप्प्याचा होता. अशा परकीयांची मुदत शुल्क न घेता प्रथम १५ एप्रिलपर्यंत, मग ३० एप्रिलपर्यंत, मग ३ मेपर्यंत वाढवली. मे महिन्यात ठरले की आंतरराष्ट्रीय विमानसेवा पूर्ववत झाल्यानंतर तीस दिवसांपर्यंत ती राहील. विमानसेवा काही पूर्ववत होईना. तेव्हा जून २०२१ मध्ये सरकारने जाहीर केले की मार्च २०२० पूर्वी आलेल्या व अडकून पडलेल्या परकीयांचे व्हिसा ३१ ऑगस्ट २०२१ पर्यंत आपोआप वैध मानले जातील, अर्जाची गरज नाही, दंडही नाही. पुढे ही तारीख ३० सप्टेंबर झाली. अर्जावाचून वैधता हा शहाणपणाचा निर्णय होता, ह्यात शंका नाही. तो पंधरा महिने आधी झाला असता तर अनेकांचे संगणकापुढचे जागरण वाचले असते, एवढेच आमचे गाऱ्हाणे.

परंतु त्याच वसंतात व्हिसाच्या अटींचा दुसराही उपयोग झाला. दिल्लीतील निजामुद्दीन मरकज येथील मेळाव्यानंतर एप्रिल २०२० मध्ये गृहखात्याने तबलीग जमातीशी संबंधित ९६० परकीयांना काळ्या यादीत टाकले व त्यांचे पर्यटक व्हिसा रद्द केले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातही अशा परकीयांवर गुन्हे नोंदवले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परकीयांविरुद्धचे हे गुन्हे रद्द केले. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे ह्यांनी निकालपत्रात साथीच्या काळात बळीचा बकरा शोधण्याच्या प्रवृत्तीवर नेमके बोट ठेवले. व्हिसाच्या अटी मोडल्या का, हा एक प्रश्न. त्यांनी रोग पसरवला का, हा दुसरा. ह्या दोहोंची गल्लत करून पहिल्याच्या आधारे दुसऱ्याची शिक्षा देता येणार नाही, असा त्या निकालाचा आम्हाला कळलेला आशय आहे. १८९७ च्या कायद्याला परकीय कोण हे विचारायचेच नव्हते. २०२० मध्ये तो आणि परकीयांचा कायदा हातात हात घालून न्यायालयात उभे राहिले.

आता आमच्या घरांकडे वळू. परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘ओसीआय’ कार्ड, २००५ नंतर रुळले. आपल्या राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही. तेव्हा नावात ‘नागरिकत्व’ असले तरी ते वस्तुतः आजन्म व्हिसाचे पुस्तक आहे. आमच्या पिढीने ह्या शब्दाची फोड कधी केली नव्हती. नातवंडाचे निळसर पुस्तक आले की पेढे वाटायचे, झाले. ११ मार्चच्या त्याच हुकुमाने ओसीआय धारकांची व्हिसावाचून येण्याची सवलत तहकूब केली, आणि नावातील नागरिकत्व व कागदातील व्हिसा ह्यांतील अंतर एका रात्रीत उघडे पडले.

७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने सुरू झाली. ती प्रामुख्याने भारतीय नागरिकांसाठी होती. अमेरिकेत ज्यांची नोकरी गेली, ज्यांच्या एच-१बी परवान्याला नोकरीनंतर साठ दिवसांचीच मुभा उरली, अशी तरुण जोडपी ह्या विमानांकडे डोळे लावून होती. आई भारतीय नागरिक, वडील भारतीय नागरिक, आणि तेथे जन्मलेले तान्हे मूल जन्माच्या हक्काने अमेरिकन. आईवडिलांना विमानात जागा, मुलाला नाही. विमानतळावरून परत फिरावे लागलेल्या अशा जोडप्यांच्या हकिकती त्या दिवसांत वृत्तपत्रांतून आल्या. तिघेही एकाच घरात, एकाच हवेत राहिलेले. रोगाच्या दृष्टीने त्यांच्यात तिळमात्र फरक नाही. १८९७ च्या मद्रासी पासाने तिघांना एकच कागद दिला असता.

२२ मे रोजी सरकारने चार प्रकारच्या ओसीआय धारकांना मोकळीक दिली. भारतीय नागरिकांची परदेशात जन्मलेली अज्ञान मुले. घरातील मृत्यूसारख्या आपत्तीमुळे येऊ इच्छिणारे. पतिपत्नींपैकी एक भारतीय नागरिक असून ज्यांचे कायमचे घर भारतात आहे असे. आणि ज्यांचे आईवडील भारतात राहणारे भारतीय नागरिक आहेत असे विद्यापीठात शिकणारे विद्यार्थी. ही यादी लक्षपूर्वक वाचावी. हिच्यातील प्रत्येक अट नात्याची आहे. नियम करणाऱ्यांना आधी माणूस पारपत्रातून दिसला होता, दहा आठवड्यांनी तो कुटुंबातून दिसला. सर्व ओसीआय धारकांना व पर्यटक सोडून बहुतेक परकीयांना प्रवेश मिळायला ऑक्टोबर २०२० उजाडला. ह्या मधल्या महिन्यांत कितीजणांच्या हातून आईवडिलांना अग्नी द्यायचे राहून गेले, हे त्यांच्या घरांनाच ठाऊक. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर अंत्यसंस्कार पाहिलेले लोक आमच्या वाचकांतही आहेत. त्यांना आम्ही अधिक काय सांगावे!

दुसऱ्या देशांनी आपल्याकडील परकीयांशी कसे वर्तन केले, हेही पाहिले पाहिजे, नाहीतर दोष एकाच घरावर येईल. संयुक्त अरब अमिरातींनी १९ मार्च २०२० पासून निवासाचा वैध परवाना असलेल्यांनाही बाहेरून येण्यास मनाई केली. सुट्टीवर गावी आलेला दुबईकर गावीच राहिला. तेथे असलेल्यांचे, १ मार्चनंतर मुदत संपलेले निवासी परवाने वर्षअखेरपर्यंत वैध राहतील अशी उदार घोषणा आधी झाली. जुलैत ती मागे घेऊन नूतनीकरणास ठरावीक मुदत देण्यात आली. एका घोषणेवर विसंबून स्वस्थ बसलेल्यांची त्यामुळे धांदल उडाली. जपानने तर कमाल केली. एप्रिल २०२० पासून, ज्या देशांवर बंदी होती तेथे गेलेल्या परकीयाला, मग तो जपानचा कायमचा रहिवासी का असेना, परत घेतले जाईना. त्याच विमानातला जपानी नागरिक चाचणी करून घरी जाई. शरद ऋतूत हा नियम सैल झाला.

अमेरिकेने जून २०२० मध्ये एच-१बीसह काही नव्या व्हिसांवर वर्षअखेरपर्यंत प्रवेशबंदी घातली, आणि मुंबईची वकिलात मार्चपासून नेहमीच्या मुलाखती घेत नव्हती. येथे एक बारकावा आहे. तेथे राहण्याचा अधिकार एका कागदावर आणि तेथे शिरण्याचा शिक्का दुसऱ्यावर. पहिला वैध असून दुसरा संपला असेल, तर बाहेर पडलेला माणूस वकिलातीच्या दारातून गेल्यावाचून आत जाऊ शकत नाही. आणि ते दार बंद होते. मे २०२१ मध्ये आपल्याकडे दुसरी लाट भरात असताना, मागील चौदा दिवस भारतात राहिलेल्या तात्पुरत्या व्हिसाधारकांना ४ मेपासून अमेरिकेने मज्जाव केला. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले त्यातून वगळलेले. आजारी वडिलांना भेटायला आलेला मुलगा इकडे, त्याची बायको-मुले तिकडे, घराचे हप्ते तिसरीकडे. ही बंदी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी उठली.

ह्या सर्वांच्या उलट एक उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. ३ ते १५ मे २०२१ ह्या काळात, आधीचे चौदा दिवस भारतात राहिलेल्या कोणीही, ऑस्ट्रेलियन नागरिकानेसुद्धा, देशात पाऊल ठेवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकेल, असा हुकूम तेथील सरकारने काढला. ‘कुठून आलात’ हा प्रश्न इतक्या निखालसपणे कोणी विचारला नव्हता. आमच्या म्हणण्याला हा धक्का आहे, हे आम्ही जाणतो. कारण रोगाविषयीचा प्रश्न विचारला की न्याय होतोच, असे ह्यावरून म्हणता येत नाही. स्वतःच्या माणसाला घरी येण्यापासून गुन्हेगार ठरवणे हे मद्रासच्या दहा दिवसांच्या हजेरीपेक्षा कितीतरी कठोर आहे. पण एक फरक राहतोच. ती बंदी बारा-तेरा दिवसांत संपली, कारण तिच्याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांना मताचा अधिकार होता. त्याच देशाने मार्च २०२० मध्ये बाहेर राहिलेल्या तात्पुरत्या व्हिसाधारकांवर दार लावले ते बहुतेकांसाठी १५ डिसेंबर २०२१ पर्यंत उघडले नाही. त्यांना मत नव्हते.

अखेरीस आपल्या लोहमार्गावर परत येऊ. २५ नोव्हेंबर २०२० पासून महाराष्ट्राने दिल्ली, राजस्थान, गोवा आणि गुजरातहून येणाऱ्यांकडे चाचणीचा दाखला मागितला. विमानाने येणाऱ्यास ७२ तासांतील, रेल्वेने येणाऱ्यास ९६ तासांतील. मार्च २०२१ च्या अखेरीस फासे उलटले आणि गुजरातने महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे ७२ तासांतील दाखला मागितला. १ एप्रिलपासून तो सर्वच राज्यांना लागू केला. म्हणजे चार महिन्यांच्या आत आम्ही दोन्ही बाजूंनी संशयित ठरलो. तरीही हा दाखला शरीराचा होता. चलथाणच्या साखर कारखान्याच्या उसाचा तोडकरी असो की सुरतेचा व्यापारी, नाकात काडी दोघांच्याही जाई. त्याचे पैसे मात्र दोघांना सारखेच परवडत नसत, आणि कोयता घेऊन हंगामापुरत्या येणाऱ्या कुटुंबात माणसे पाच-सहा असत. तिसऱ्या वर्गाचा उतारू अशा रीतीने पुन्हा फलाटावर उभा राहिला.

पर्यटकांना व्हिसा देणे भारताने १५ नोव्हेंबर २०२१ पासून सर्वांसाठी खुले केले व २७ मार्च २०२२ पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने सुरू झाली. परकीयांविषयीचे ते जुने कायदे १ सप्टेंबर २०२५ पासून गेले; त्यांच्या जागी २०२५ चा आप्रवासन आणि परकीयांविषयीचा एकच कायदा आला. साथीच्या रोगांचा १८९७ चा कायदा २०२० मध्ये वैद्यकीय सेवकांच्या संरक्षणापुरता दुरुस्त झाला, पण उभा आहे. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६ व्या अहवालात त्याचा साकल्याने विचार करून, तो अपुरा असल्याचे व त्यात सुधारणा किंवा नवा कायदा हवा असल्याचे मत दिले आहे. तो नवा कायदा लिहिला जाईल तेव्हा त्याच्या अर्जात ‘मूळ गाव’ हा रकाना ठेवणार की ‘गेले दहा दिवस कोठे होता’ हा, ते पाहण्यास आम्ही उत्सुक आहोत.